सात नंबरची जागा आणि उजवा रोलर

आमच्या कॅम्पिंगच्या मैदानावरच्या नियमांचा फलक मी पाडला. मुद्दाम नाही. माझी शेजारीण याकोमीन हिने तिच्या कॅरव्हॅनचा, म्हणजे मोटारगाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचा, रिमोट माझ्या हातात ठेवला आणि "नुसता धर, दाबू नकोस," असं बजावून ती चाकांखाली लावायचे ठोकळे आणायला गेली. आता हातात रिमोट आहे आणि तो दाबत नाही असा पुरुष आयसेल नदीच्या दोन्ही काठांवर मला कुणी दाखवावा. मी 'पुढे' दाबलं. कॅरव्हॅन मीटरभर शहाण्यासारखी सरळ चालली आणि मग एकदम उजवीकडे वळली, तिकडे ओळखीचं कुणी दिसावं तशी. घाबरून मी बोट काढायच्या ऐवजी आणखी जोरात दाबलं. फलकाचे दोन तुकडे झाले. कॅरव्हॅनला ओरखडाही नाही.

"दाबलंस," याकोमीन आली आणि म्हणाली.

"थोडंसं."

"हो, फलकही थोडासाच पडलाय."

आवाज ऐकून व्यवस्थापक हार्म सायकलवरून आला. त्याने दोन्ही तुकडे उचलून जुळवून पाहिले आणि नेमका चौथा नियम वर धरला. "याकोमीनबाई, शनिवारी अकरा वाजता. लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं? पहिली रांग बांधाच्या आत, पाण्याला लागून आहे. नदी फुगल्याची सूचना आली की तिथल्या कॅरव्हॅन काही तासांत बांधावर चढवाव्या लागतात, आणि ओल्या गवतात ओढणाऱ्या मोटारगाड्या रुततात. म्हणून एप्रिलच्या पहिल्या शनिवारी त्या रांगेतल्या प्रत्येकाने आपली कॅरव्हॅन मूव्हरवर, म्हणजे तिच्याच चाकांना लावलेल्या दोन मोटरींवर, वीस मिनिटांत वर नेऊन दाखवायची. मोटारगाडी जोडायची नाही, कुणी हात लावायचा नाही. नाही जमलं तर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला.

"मागच्या वर्षी फोक्के होता," हार्म म्हणाला. "तो मागून ढकलत होता ते मला दिसलं नव्हतं. यंदा मला दिसेल."

फोक्के, तिचा नवरा, गेल्या शरद ऋतूत गेला. याकोमीन चौऱ्याहत्तर वर्षांची. जन्म मालवाहू बोटीच्या केबिनमधला. सहाव्या वर्षी बापाने तिला बोटवाल्यांच्या मुलांच्या वसतिगृहात ठेवलं, तेव्हापासून जमिनीवर राहणं ती शिक्षा समजते. पुढे चौतीस वर्षं डेव्हेन्टर शहरात शिलाई मशिनी दुरुस्त केल्या, तेही खिडकीतून नदी दिसते म्हणून त्या दुकानात. तिच्या सात नंबरच्या जागेवरून बोटी हाताच्या अंतरावरून जातात. बांधापलीकडे, तिच्या थेट मागे आम्ही राहतो, त्या रांगेतून बांधाचा उतार दिसतो आणि त्यावरच्या मेंढ्या. मेंढ्या चांगल्या आहेत, पण त्या कुठे जात नाहीत.

हार्म गेल्यावर मी सल्ला दिला. "बॅटरी असणार."

तिने मीटर लावला. बॅटरी ठणठणीत.

"मग रिमोट. दमट हवा. किंवा जमीनच उजवीकडे उतरती असेल."

"शेजारी, तुझ्याकडे कारणं खूप आहेत. खडू आहे का?"

खडू तिच्याकडेच निघाला. दोन्ही टायरांवर आणि त्यांना दाबून फिरवणाऱ्या दोन्ही रोलरांवर तिने एकेक रेघ ओढली, कॅरव्हॅन हातभर पुढे घेतली आणि पुन्हा गुडघ्यांवर बसून पाहिलं. डावीकडे रोलर फिरला तसं चाक फिरलं होतं. उजवीकडे रोलर गरगरला होता आणि चाक जवळपास जागच्या जागी. टायरवर रोलरने घासून काळी चकाकी आणली होती.

"पकड सुटतेय," ती म्हणाली. मग दोन्ही रोलर मागे घेऊन टायरपासूनचं अंतर मोजलं. डावीकडे वीस मिलिमीटर, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. उजवीकडे एकतीस.

ती चटई टाकून कॅरव्हॅनखाली शिरली. बराच वेळ फक्त बूट दिसत होते. मग खालून आवाज आला. "शेजारी, मार्चमध्ये हे चाक कुणी बदलून दिलं?"

"मी. तुला मदत म्हणून."

"जॅक कुठे लावलास?"

"खाली. एक मजबूत दांडा होता तिथे."

"तो मूव्हरचा दांडा. इथे दांड्यावरच्या चिखलात तुझ्या जॅकचा गोल ठसा आहे, आणि शेजारी चासीवर घासलेली चकचकीत पट्टी. मूव्हरची ही बाजू टायरपासून मागे सरकवलीस."

मी म्हटलं की मजबूत दिसत होता. बुटांशेजारून एक हात पान्यासाठी बाहेर आला.

दुरुस्तीत माझ्याकडे टॉर्च धरायचं काम आलं, बटण तिने आधीच दाबलेलं. तिने मूव्हरला चासीशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांचे बोल्ट सैल केले. अंतर धरायला वीस मिलिमीटरचं काहीतरी हवं होतं. शुल या फळीवर चकत्या सरकवायच्या खेळातल्या एका लाकडी चकतीवर तिने बियरच्या ग्लासाखालचे पुठ्ठे चढवले, मोजले, एक पुठ्ठा काढला, आणि तो गठ्ठा टायर आणि रोलरच्या मध्ये सरकवून मूव्हर पुढे ओढला. बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळले, शेवटी ताण मोजणाऱ्या पान्याने. मी आवळू का म्हणून विचारलं. "ताकद नकोय, सारखेपणा हवाय," असं उत्तर आलं.

पहिल्या चाचणीत कॅरव्हॅन तरीही किंचित उजवीकडे. मी म्हटलं, उद्या माणूस बोलावू. तिने टायरमधली हवा तपासली. उजवीकडे कमी. तीही मीच भरली होती. तिने पंपाने ती दोन्हीकडे सारखी केली, आणि शुक्रवारी दुपारी कॅरव्हॅन रांगेसमोरून दोरी धरल्यासारखी सरळ गेली आणि आली. पाच वेळा. सहाव्यांदा कशाला, मी विचारलं. "पाच वेळा उतारावर नव्हती," ती म्हणाली आणि उतारावर घेऊन गेली.

शनिवारी सकाळी भुरभूर पाऊस. सगळं कॅम्पिंग खुर्च्या टाकून, थर्मास घेऊन बसलेलं. आमच्याकडे दुसऱ्याची कॅरव्हॅन हलताना पाहण्याइतकी करमणूक टीव्हीवर नाही. हार्मने घड्याळ लावलं. निम्म्या चढापर्यंत गाडी मुंगीच्या चालीने पण नीट गेली. मग दोन्ही चाकं एकदम ओल्या गवतावर फिरू लागली. रोलर धरून होते, जमीनच सुटली होती.

मी धावलो. खरंच, पाय आपोआप निघाले. दोन्ही हात मागच्या काचेपासून वीतभर.

"हात खाली!" ती ओरडली. "लावलास तर जागा गेली!"

मी हात खिशात घातले. हार्म माझ्याकडे बघत होता, आता त्याला सगळंच दिसत होतं. तिने गाडी अर्धा मीटर मागे घेतली, ठोकळे लावले, दारातली काथ्याची दोन पायपुसणी आणून चाकांपुढे अंथरली, ठोकळे काढले, आणि पुढे. चाकं पायपुसण्यांवर चढली. मग थांबून, पुन्हा ठोकळे, मागची पायपुसणी पुढे. असं चार वेळा. चिखल गुडघ्यापर्यंत, केस कपाळाला चिकटलेले. बांधाच्या डांबरावर चाकं टेकली तेव्हा हार्म म्हणाला, "एकोणीस मिनिटं," आणि वहीत सात नंबरपुढे तिचं नाव लिहिलं.

टाळ्या झाल्या. मी कॉफीचा कप घेऊन वर गेलो. "याकोमीन, जिंकलीस! आता बस इथे, गरम पी. कॅरव्हॅन राहू दे वर, संध्याकाळी आम्ही सगळे मिळून खाली नेऊन देऊ."

तिने रिमोट पुसला.

"बाजूला हो, मला माझ्या जागेवर जायचंय."