एकोणीस वेळा थांबलेली बस

मुलगी बस चालवायची तेव्हा आईचा जीव टांगणीला लागलेला असायचा. आता बस आपली आपण चालते, तरीही लागलेलाच. तेरा वर्षं आईने एकच धोशा लावला होता, की हे रस्त्यावरचं काम सोड आणि खुर्चीत बसायची नोकरी बघ. गेल्या वर्षी खुर्ची मिळाली. ती बसमध्येच होती, आणि तिच्यात बसून काहीच करायचं नव्हतं. पोरीला लहानपणापासून सगळे भिंगरी म्हणत. जेवतानासुद्धा कधी एका जागी टिकली नाही. तिने आठ-आठ तास हात मांडीवर ठेवून बसायचं? हिचं होणार कसं, हे आईच्या डोक्यातून काही जाईना.

"पाय तरी हलवतेस ना अधूनमधून?"

"ब्रेक दाबते की. तिथे ब्रेक नाही, तरी दाबते."

नवी बस वाईट होती म्हणावं, तर तसंही नाही. आत बसलं की पोटातलं पाणी हलत नसे. कुत्रं आडवं आलं तर ते भिंगरीच्या आधी बसला दिसे. "माझ्यापेक्षा चांगली चालवते गं," भिंगरीच सांगायची, "फक्त वेळेवर निघते."

घोळ तोच होता. तेरा वर्षांत भिंगरी कधी वेळेवर निघाली नव्हती. आरशात कुणी पळताना दिसलं की तिचा पाय ब्रेकवरून उचलायचाच नाही. पळणारी माणसं नव्या बसलाही दिसत, पण जो थांब्यावर उभा नाही तो प्रवासी नाही, असा तिचा खाक्या. ठरलेल्या मिनिटाला दार बंद. भिंगरीच्या हाताशी एकच बटण होतं, लाल, आणीबाणीचं. तिने ते दाबायला सुरुवात केली.

महिन्याने डेपोचं पत्र आलं. आईने चष्मा लावून वाचलं: 'विनाकारण आणीबाणी, एकोणीस वेळा.' सोमवारी चौकशी, आणि बहुधा बसवरून उचलून कंट्रोल रूममध्ये बदली. गार खोली, फिरती खुर्ची, पडद्यावर तीस बसगाड्यांचे तीस ठिपके. आईने तेरा वर्षं जे जे मागितलं ते सगळं एकाच कागदावर.

सोबत यादी जोडली होती. बटण दाबलं की मशीन कारण विचारी: आग, अपघात, आजारी प्रवासी किंवा इतर. भिंगरीने दरवेळी 'इतर' निवडून पुढे खरं ते लिहिलं होतं. 'शिंपीमामा. खांद्यावर गिऱ्हाइकाचा कोट. पळता येत नाही, पण पळत होते.' 'नर्सबाई. दुसऱ्याच बसमागे धावत होत्या, हाक मारून बोलावलं.' 'मुलाखतीला निघालेल्या बाई, एक बूट हातात.' आई एकटीच हसत सुटली. डोळे पुसत सोळाव्या ओळीवर आली, तर तिथे लिहिलेलं: 'आई, माझीच. दोन पिशव्या.'

त्या दिवशी आईने शेजारणीपाशी नव्या बसचं तोंडभरून कौतुक केलं होतं. म्हाताऱ्या माणसाला बघून आपसूक थांबते, विज्ञान कुठल्या कुठे गेलंय बघा.

"मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?" संध्याकाळी तिने लेकीला धरलं.

"तू इतकी खूश होतीस. म्हटलं, बसचं थोडं नाव होऊ दे."

"आणि सोमवारी काय सांगणार आहेस?"

"काय सांगू? नियमाने माझंच चुकलंय. एकोणीस म्हणजे एकोणीस."

"साहेबांनी यादी वाचलीय ना पण?"

"त्यांच्याकडे नुसता आकडा जातो गं. वाचणार कोण?"

दुसऱ्या दिवशी भिंगरी शीळ घालत कामावर गेली. आई पत्र घेऊन बसली. गप्प राहिलं तर पोरगी जन्मभर सुखरूप, गार खोलीत. ठिपक्यांकडे बघत. ठिपक्यामागे कोण धावतंय ते तिथून दिसणार नव्हतं, आणि दिसलं असतं तरी तिथे दाबायला बटण नव्हतं. मशीन पुढे गेलं याचं आईला काही वाटलं नाही. गाडी सांभाळून चालवते, चालवू दे. पण मागे राहिलेल्यासाठी आत एक माणूस हवं, आणि ते माणूस तिच्या घरातलं होतं.

पत्राच्या तळाशी चौकशी अधिकाऱ्याचा नंबर होता. ऑफिस दहाला उघडतं. पावणेदहालाच आईने खुर्ची फोनजवळ ओढली आणि यादी मांडीवर घेतली. साहेबांना एकेक ओळ वाचून दाखवायची, घाई करायची नाही. आणि सोळावी आली की सांगायचं, ती मी.