एकोणीस पॉइंट आणि एक दगड

डोंगर जागचे हलत नाहीत हे त्यांचं नशीब, नाहीतर आमच्या शेजारच्या नानांनी त्यांनाही रांगेत उभं करून वेळेवर मार्गी लावलं असतं. इतका उतावळा माणूस मी उभ्या जळगावात पाहिलेला नाही. मेहरूणमधल्या आमच्या घरांची भिंत एकच आहे, त्यामुळे नाना उठले, की मलाही कळतं. ते उठतात म्हणजे अंथरुणातून सुटतात. चहा उभ्याने पितात, पेपर गच्चीवर फेऱ्या मारत वाचतात आणि जेवायला बसले, तरी एक गुडघा उभाच असतो. तीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली. त्या तीस वर्षांत गाडी थांबलेली असताना त्यांच्या जिवाची जी घालमेल व्हायची, ती निवृत्तीनंतरही तशीच राहिली. फरक एवढाच, की आता गाडी नाही, आम्ही आहोत.

निवृत्त झाल्यावर नानांनी वर्षातून एकदा ओळखीच्या माणसांना थंड हवेच्या ठिकाणी न्यायचं व्रत घेतलं. मी स्वभावाने बैठा माणूस. सुट्टी म्हणजे लोड, पंखा आणि कुणी हाक न मारणं, अशी माझी साधी कल्पना आहे. पण बायकोने नाव दिलं आणि दोन वर्षांपूर्वी महाशिवरात्र उलटल्यावर मीही मनालीला निघालो. निघण्याआधी आठ दिवस नानांनी आम्हाला गच्चीवर बोलावलं आणि वहीतली यादी वाचून दाखवली. एकोणीस पॉइंट होते. हिडिंबेचं देऊळ वीस मिनिटं, दर्शनासह. वसिष्ठची गरम पाण्याची कुंडं पंचवीस मिनिटं, अंघोळ करणाऱ्यांना दहा मिनिटं वाढीव. सोलंगला बर्फात खेळणे पाऊण तास, त्यात भाड्याचे कोट आणि बूट चढवण्या-उतरवण्याची वेळ धरलेली. याकवर बसून फोटो, सशाला मांडीवर घेऊन फोटो, सफरचंदाची बाग बाहेरून. मी विचारलं, की नाना, नुसतं बसायला कुठे वेळ ठेवलाय का? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसायला बसमध्ये सीट दिली आहे ना."

सामानाबद्दल बोलायचं, तर भरताची हिरवी वांगी दोन टोपल्या, ती कांडायचं खोलगट लाकडी भांडं, म्हणजे बडगी, आणि वांगी भाजायला कपाशीच्या वाळक्या काड्यांची हातभर जाड मोळी, एवढं नानांनी रेल्वेत चढवलं. वांगं गॅसवर भाजणं ही गोष्ट त्यांना मान्यच नाही. हिमालयात लाकडं मिळतात हे मी सुचवून पाहिलं. देवदाराच्या धुराने भरताला औषधाचा वास येतो, असं ते इतक्या खात्रीने म्हणाले, की पूर्वी कधी खाल्लं असावं. डब्यातल्या एका सरदारजींनी मोळी पाहून कसली पूजा आहे म्हणून हात जोडले. नानांनीही जोडले आणि त्यांना मोळीवर पाय टेकू नका म्हणून बजावलं.

चंदीगडहून पुढे भाड्याची बस होती. तिच्यात पाऊल ठेवल्याबरोबर नानांचा कायापालट झाला. त्यांनी गावाकडच्या बैलाच्या गळ्यातली घंटा पिशवीतून काढून ड्रायव्हरच्या डोक्याच्या वर टांगली, तिची सुतळी दारापर्यंत आणली आणि हिमाचली ड्रायव्हरला एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल, हे शिकवलं. आम्हा चोवीस जणांना जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची तिकिटं वाटली. प्रत्येक पॉइंटवरून गाडीत परत चढलं, की नाना त्यावर पंचने एक भोक पाडत. चोवीस भोकं पडली की दोन टोले. माणसांची डोकी मोजायची पद्धत त्यांना कच्ची वाटे. डोकं खिडकीबाहेर असू शकतं, टोपीत असू शकतं, तिकीट खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

तिकीट नसलेली माणसं गाडीत तीनच. ड्रायव्हर, नाना आणि अक्का. अक्का म्हणजे नानांची बायको. अमळनेरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आलेली, ठेंगणी, दोन्ही गुडघ्यांनी अधू आणि नवऱ्याच्या धांदलीकडे घरातल्या पंख्याच्या आवाजाइतकंच लक्ष देणारी बाई. गुडघे लांब करता यावेत म्हणून ती सगळ्यांत मागच्या आडव्या सीटवर रगांच्या गठ्ठ्याजवळ बसायची. पहिल्या दिवशी माझ्या बायकोने विचारलं, अक्कांना तिकीट कसं नाही? नाना म्हणाले, "ती पासवर आहे." गाडी हसली. मग प्रत्येक पॉइंटवर कुणीतरी तेच विचारायचं, नाना तेच सांगायचे आणि गाडी तशीच हसायची. अक्काही हसायची.

पहिल्या तीन दिवसांत आम्ही अकरा पॉइंट उरकले. मला त्यातलं आठवतं ते एवढंच, की कुठेतरी बूट ओले झाले आणि कुठेतरी ससा फार जड होता. बर्फ पाहून मी जरा थांबलो, पांढऱ्या शिखरावर ऊन आलं होतं, तेवढ्यात मागून घंटा झाली. अक्का तर गुडघ्यांमुळे गाडीतून उतरून, चार पावलं चालून, पॉइंट दिसायच्या आतच परत फिरायची. एकदा तिने नानांना विचारलेलं मी ऐकलं, की कुठेतरी एका जागी दिवसभर थांबता येणार नाही का? नानांनी वही उघडून तिला उरलेले आठ पॉइंट दाखवले.

चौथ्या दिवशी बियास नदीच्या काठी भरीत झालं. काड्यांचा जाळ, त्यात वांगी, ती सोलताना पोळलेली बोटं, बडगीत लसूण-मिरचीबरोबर कांडण आणि वर पुऱ्या. गावातल्या चार बायकाही जाळ पाहून आल्या आणि जेवून गेल्या. खाली बसून, अंगावर ऊन घेऊन मी त्या सहलीत पहिल्यांदा सुखात होतो आणि म्हणूनच घंटा झाली तेव्हा उठताना मनातल्या मनात नानांना बरंच काही बोललो. अजून चार पॉइंट व्हायचे होते. आम्ही चढलो, भोकं पडली, चोवीस पूर्ण झाली, दोन टोले झाले. बायको म्हणाली, अक्का दिसत नाहीत. मी मागे मान वळवली. रगाखाली कुणीतरी आडवं झालेलं होतं. झोपल्यात, असं म्हणून मीही डोळे मिटले. ही माझी चूक आहे आणि ती मी आजपर्यंत नानांवर ढकलत आलो आहे.

तासाभराने त्या चारांतल्या दुसऱ्या पॉइंटवर नानांना औषधाची गोळी घ्यायची आठवण झाली. गोळ्या अक्काच्या पिशवीत असतात. ते मागे गेले, रग उचलला. रगाखाली रिकाम्या टोपल्या होत्या आणि पिशवीत अक्काचा फोन. बडगी नव्हती. ती बडगी धुवायला नदीवर गेली होती, हे त्या क्षणी गाडीतल्या सगळ्यांना एकदमच कळलं. नाना हातातल्या पंचकडे पाहत राहिले. मग इतक्या हळू आवाजात म्हणाले, की मला वाचावं लागलं ओठांवरून, "तिकीट नाही ना तिला."

गाडी वळवली, पण बर्फ पाहायला आलेल्या गाड्यांची खालपर्यंत रांग लागली होती. पाच मिनिटांत वीस हात. नानांनी तीन वेळा घंटेची सुतळी ओढली, ड्रायव्हरने हात जोडले. मग नाना खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेने चालू लागले. चालू कसले, धावू लागले, सत्तरीला टेकलेला माणूस, निसरड्या उतारावर. त्यांना एकट्याला सोडवेना म्हणून मी मागे निघालो. चार किलोमीटर मी आयुष्यात त्यापूर्वी चाललो नव्हतो. पाण्याचा जोर, परका मुलूख, भाषा नाही, फोन नाही, गुडघे तसे, हे सगळं माझ्याही मनात येत होतं, पण बोलण्याइतका श्वास दोघांकडेही नव्हता. शेवटी एका दूधवाल्याने जीपच्या मागे कॅनांमध्ये उभं राहू दिलं. नानांचा हात सारखा वर जाऊन हवेत सुतळी शोधत होता. मला हसू यायला हवं होतं, पण भीती वाटत होती.

अक्का तिथेच होती. नदीच्या वळणावर एका रुंद, तापलेल्या दगडावर पाय लांब करून बसलेली. शेजारी धुतलेली बडगी उन्हात पालथी घातलेली. भरीत खाऊन गेलेल्यांपैकी एक म्हातारी जवळ बसून मोजे विणत होती. दोघी बोलत नव्हत्या. नाना तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. छाती भात्यासारखी चाललेली. आणि तीन तास ज्या बाईपायी जिवाला घोर लावून घेतला, तिला ते पहिलं वाक्य म्हणाले, "ऊठ. आजून दोन पॉइंट हुई जातीन." म्हणजे अजून दोन पॉइंट होऊन जातील. पण ते म्हणता म्हणता त्यांनी तोंड नदीकडे वळवलं.

"बसा," अक्का म्हणाली. "दमी गयात तुम्ही."

नाना बसले. मी जरा लांब बसलो, पण नदीचा आवाज असूनही ऐकू येत होतं, आणि खरं सांगायचं तर मी कान देऊन ऐकत होतो. तुला भीती नाही वाटली का, असं नानांनी विचारलं. ती म्हणाली, "कसानं भ्याव? बठ्ठा पॉइंट हुई गयात का तुम्ही येशात, माले माहीत व्हतं." सगळे पॉइंट संपले की तुम्ही येणारच, हे तिने काही टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तिला खरंच तसं वाटलं होतं. नाना मग म्हणाले, "तीस वरीस मी गाडीवर आन् तू घरमा बशी ऱ्हायनी. म्हनीसन तुले फिरावस ना मी."

म्हणूनच तिला फिरवतो, हे ऐकलं तेव्हा मला कळलं, की ती यादी, ती एकोणीस ठिकाणं, ती घंटा, हे सगळं आमच्यासाठी नव्हतंच. आम्ही चोवीस जण म्हणजे गाडी भरायला घेतलेले. ज्या बाईने तीस वर्षं चार भिंतींखेरीज काही पाहिलं नाही, तिचं एकही ठिकाण चुकू नये म्हणून हा माणूस धापा टाकत होता.

अक्का हसली नाही. "घरमा मी कधी बसेल शे?" ती म्हणाली. "तीस वरीस उभीच शे मी. आज बसाले भेटनं." आणि मग शिखराकडे बघत, अगदी साध्या आवाजात, "आते मी तुमनासंगे कोठेच येवाव नही."

नाना त्यानंतर चार मिनिटं बसून राहिले. मी घड्याळ लावलं होतं. मग त्यांना राहवेना, ते उठले आणि बडगी वाळली का ते पाहून आले.

घरी आल्यावर त्यांनी पुढच्या वर्षीची यादी केली नाही. अक्का यापुढे येणार नाही म्हटल्यावर वहीचा काय उपयोग, असं त्यांनी मला गच्चीच्या भिंतीवरून सांगितलं. आठवड्याने अक्कानेच माझ्या बायकोजवळ पुन्हा येण्याची अट पाठवली. तोच दगड, दिवसभर, घंटा नको, वही नको. नानांना ती अट कळली तेव्हा ते मला भेटायला आले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या गुणाची कदर केली. ते म्हणाले, "तुम्हाला बसता येतं. मला शिकवा."

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघं मेहरूण तलावावर जातो आणि बाकावर बसतो. पहिल्या दिवशी नाना सहा मिनिटं बसले. त्यात त्यांनी फिरायला आलेल्यांना डावी-उजवीकडची शिस्त लावली. दुसऱ्या आठवड्यात अकरा मिनिटांवर आले, पण पाणकोंबड्या मोजून. मी मोजायला बंदी घातली. मग ते डोळे मिटून बसू लागले आणि मला सांगावं लागलं, की नाना, डोळे उघडे ठेवायचेत, त्यासाठीच चाललंय हे. गेल्या पावसाळ्यात बत्तीस मिनिटं झाली, पण त्यातली दहा झोपेची निघाली, ती मी कापली. मधूनच त्यांचा हात वर जातो. मग ते तो हात टोपी सारखी करायलाच नेल्याचं दाखवतात.

अक्काचे गुडघे मात्र आमच्या अभ्यासासाठी थांबलेले नाहीत. आणखी एखादं वर्ष निभावतील, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणालेत. परवा सकाळी रिक्षा करून तीही तलावावर आली. मी सरकून जागा दिली. ती बसल्यावर नानांनी खिशातून पुठ्ठ्याचं एक तिकीट काढून तिच्या हातात दिलं. त्यावर नंबर एक होता. जिथे पॉइंटांची नावं लिहायची, तिथे फक्त 'दगड' लिहिलं होतं. अक्काने ते डोळ्यांजवळ नेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, की सुटायची वेळ कुठे लिहिली आहे?

"लिखेल नही," नाना म्हणाले. "तू उठशी तव्हय."

अक्काने तिकीट पदराच्या टोकाला बांधलं. "मंग जाऊत," ती म्हणाली.

मी तिथून उठलो. बसण्यात मी कितीही तरबेज असलो, तरी तिथे माझी जागा नव्हती. फाटकापाशी पोचून मागे पाहिलं, तर नाना अर्थातच उभे राहिले होते. मला वाटलं, झालं, गेली सगळी मेहनत. पण ते नुसतेच बाकाला वळसा घालून पलीकडे गेले, जिथून ऊन अक्काच्या तोंडावर येत होतं त्या बाजूला, आणि तिथे पुन्हा खाली बसले.