आरशातला काठ

रविवार, दुष्काळ सरल्यानंतरचा. हजर: मी, सौ., आणि उमरग्यात दोन नवे आरसे बसवून घेतलेली मोटारसायकल.

गूळ शिजवायच्या दोन मोठ्या काहिली एकत्र बांधून म्हातारा नावाडी आम्हाला गाडीसकट नदीपार नेत होता. त्याची नजर माझ्या आरशात गेली आणि हातातला बांबू थांबला.

"आयला, खरंच उभी हाय की!"

मागच्या काठावर त्याची बायको होती.

"म्हणती, तुमी पोचंस्तोवर म्या हलत न्हाय. वळावं तर काहील कलंडती, पोचून बघावं तर ही घरात. लोकांना इचारायची लाज. मला वाटायचं, थापा मारती."

"आता तरी पोचवा, बाबा," सौ. म्हणाली. "त्या उन्हात उभ्या आहेत."

एक आरसा तिथंच काढून त्याला द्यायचा होता, पण प्रवासाला निघताना केलेल्या माझ्या यादीत पाना नव्हता. आता पाना गाडीतच असतो. तिकडं परत जायचं राहिलंय.