इंग, टू आणि अक्का

शेवटी शेवटी आमच्या दाजींकडे दोनच शब्द उरले होते.

दोन्ही इंग्रजी. खरं तर शब्दही नव्हेत, शब्दांची शेपटं.

'इंग' आणि 'टू'.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. सोलापुरात, शुक्रवार पेठेत, घराच्या माडीवर इंग्रजी ग्रामरचा क्लास चालवायचे. पोरांच्या घरी कुठं तेलुगू, कुठं कन्नड, कुठं दखनी. मराठी शाळेपुरती आणि इंग्रजी दाजींच्या माडीपुरती.

एन्जॉय रीडिंग, पण वॉन्ट टू रीड. कुठल्या क्रियापदापुढे 'इंग' आणि कुठल्यापुढे 'टू', हे इंग्रजांनाही धड सांगता येत नाही. दाजींनी त्याचा पाढाच करून टाकला होता.

"एन्जॉय?" दाजी ओरडणार.
"इंग!" अख्खी माडी.
"वॉन्ट?"
"टू!"
"अव्हॉइड?"
"इंग!"
"प्रॉमिस?"
"टू!"

शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यालाही पाठ झालं होतं.

मी एकदा विचारलं, "दाजी, एवढं घोकून पोरं इंग्रजी बोलतात का हो?"

"तू इतकी वर्षं विनोदी लिहितोस. लोक हसतात का?"

विषय संपला.

मग एका सकाळी फळ्यापाशीच स्ट्रोक आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. कळायचं सगळं. बाहेर काहीच यायचं नाही.

घरी स्पीच थेरपिस्ट यायला लागली. तरुण, उत्साही मुलगी. पहिल्याच दिवशी अक्काकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "काका, ह्या कोण? नाव सांगा बरं."

दाजींनी अक्काकडे पाहिलं. डोळे भरलेले.

तिचा चेहरा पडला. तेव्हा अक्काच म्हणाली, "बाई, नापास करू नका त्यांना. धडधाकट होते तवाबी माझं नाव त्यांनी कदी घेतलं न्हाय."

"मग हाक कशी मारायचे?"

"अगं."

"एवढंच?"

"पुरायचं की."

मग मुलगी म्हणाली, तुम्ही त्यांचं नाव घ्या, ते मागून म्हणतील. अक्का लाजून अर्धी झाली. "ह्यांचं नाव? ह्यांच्याच तोंडावर? ह्या वयात?"

आणि जरा थांबून म्हणाली, "नाव ऱ्हाऊ द्या. तेवढं 'अगं' येतंय का बघा. मला दुसरं काय बी नगं."

पुढच्या आठवड्यात दाजींची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. आता ती स्वतः शाळेत शिकवते. सरांना असं बघून तिला काय बोलावं कळेना. चाचरत म्हणाली, "सर... एन्जॉय?"

"इंग!"

खणखणीत. पलंगावरून.

अक्काच्या हातातला चहा बशीत सांडला.

थेरपिस्ट म्हणाली, पाठ झालेलं डोक्यात वेगळ्या जागी राहतं. चालू ठेवा. त्याला धरून दुसरं काही येईलही.

येईलही! अक्कानं तेवढंच धरलं.

अक्का मंगळवेढ्याची, चौथी शिकलेली. पण स्वयंपाकघर माडीच्या बरोबर खाली. जन्मभर ते पाढे तिच्या कानावरून गेलेले. भाकरी थापता थापता ती आतून ओरडायची, "येन्जाय?" बाहेरून उत्तर यायचं, "इंग!" 'अव्हॉइड'चं ती 'आवाड' करायची. मग दाजी डावा हात हलवून तिला पुन्हा म्हणायला लावायचे. क्लास बंद पडला नव्हता. विद्यार्थी बदलला होता.

हळूहळू सगळा संसारच त्या दोन शब्दांवर चालायला लागला. बारीक 'इंग' म्हणजे पाणी. लांबट 'इंग' म्हणजे कूस बदला. पेज नको असली की रागीट 'टू'.

"औषध घ्या."
"टू!"
"टू काय टू? गिळा गप."

पाहुण्यांना वाटायचं, स्ट्रोक दोघांना आलाय.

पण रोज पाढा संपला की अक्का थोडी थांबायची. हात पदराला पुसत. तिसरं काही येतंय का, बघत.

ते आलं. एकदाच.

दुपारची वेळ. नळाला पाणी आलेलं. सोलापुरात नळाला पाणी आलं की माणूस देवाचंही ऐकत नाही. अक्का मागं मोटर लावून पिंपं भरत होती. मी दाजींपाशी पेपर वाचत होतो.

दाजींनी मान दाराकडे वळवली.

"अगं."

स्पष्ट. चहाला उशीर झाल्यावर म्हणायचे, तसं.

मी धावत मागं गेलो. अक्का ओल्या हातांनी आली, पलंगाला धरून उभी राहिली. "काय वो? म्हणा की परत."

दाजींनी जीव एकवटला. ओठ हलले.

"इंग."

आणि रडायला लागले.

अक्कानं त्यांचं तोंड पदरानं पुसलं. "असू द्या. बराबर हाय."

त्याच आठवड्यात ते गेले.

मी लिहिताना तिखटमीठ लावतो, असं तुम्ही सगळे म्हणता. लावतो. इथं लावलेलं नाही. तो शब्द मी ऐकला, आणि तो माझ्यासाठी नव्हता.

वर्षभर अक्का विचारत राहिली.

"कसं म्हणले रे? लांब का आखूड?"
"आखूड."
"जरा चिडून?"
"जरा."
"मग खरंच म्हणले."

आज वर्षश्राद्ध झालं. पाहुणे जेवून गेले. अक्का आत भांडी घासत होती. तिथूनच म्हणाली, "एकदा म्हणून दाखव की. सगळ्या गावाच्या नकला करतोस."

वर्षभर मी ही एक नक्कल टाळली होती.

दाजींच्या पलंगावर बसलो. दाराकडे तोंड केलं.

"अगं."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"आले वो," अक्का म्हणाली.

दाजी, हाक पोचली. आता निवांत पडा.