इंजिनाखालच्या तीन रेघा

मंडळी, आज परभणीत जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मी सूड उगवून आलो.

निजामाच्या काळातली एक मोटारसायकल मी तीन वर्षं झाली शोधायलो होतो. पिंगळीला रुळांलगतच्या सरळ रस्त्यावर ती आगगाडीला मागं टाकायची. बनवली होती माझ्या आज्यानं, गावच्या लोहारानं. जहागीरदारानं तिच्यावर स्वतःचं नाव रंगवलं. आज्या खरं बोलला म्हणून त्याला गावातून हाकललं.

आज ती सापडली. पाटीवर लिहिलेलं, "निर्माते: जहागीरदार." शेजारी त्यांचा नातू, पांढऱ्याशुभ्र कपड्यात.

मी म्हणलं, "साहेब, इंजिनाच्या खाली बघितलंय का कधी?"

"तिथं काय आहे?"

"झोपून बघा की."

आज्या स्वतः केलेल्या प्रत्येक विळ्या-खुरप्यावर छिन्नीनं तीन रेघा मारायचा. इंजिनाखालच्या पट्टीवरबी मारल्या होत्या. गाडीखाली झोपायची वेळ जहागीरदारावर कधी आलीच न्हाई.

नातू सगळ्यांदेखत धुळीत उताणा झाला. मी पिशवीतलं आज्याचं खुरपं त्याच्यासमोर धरलं. त्याच तीन रेघा.

मग उठायला त्यानं माझ्याकडं हात केला. मी दिला न्हाई.

सांगा, चुकलं का माझं?