नागम्माच्या गच्चीवरचं हैदराबाद

विणकरांच्या पेठेतल्या त्या बोळात चांदबीला अँटेनावाली म्हणत. दिवसभर ती घरी टॉवेलच्या कडा शिवायची आणि थंडीत पहाटे पत्र्यावर चढून लांबची टीव्ही केंद्रं धरायची. हे वेड वडिलांचं. हाशमभाई टीव्ही दुरुस्त करायचे. ते वर अँटेना फिरवायचे आणि लहानगी चांदबी खाली पडद्यापाशी उभी राहून ‘आलं’, ‘गेलं’ ओरडायची. पुढे वडील गेले आणि मुंग्या मुंग्या दिसणारं जुनं चित्रही गेलं. आताच्या डिजिटलमध्ये चित्र एक तर लख्ख येतं, नाहीतर चौकोनांत फुटून नाहीसं होतं.

पुणं इथून अडीचशे किलोमीटर. एरवी ते घरच्या अँटेनावर येत नाही. पण थंडीतल्या एखाद्या पहाटे गार हवा जमिनीलगत बसून राहते, वर उबदार थर असतो, आणि लहरी त्याखालून वाकत लांबवर येतात. अशा पहाटे चांदबीने चारदा पुणं धरलं होतं. हैदराबादने मात्र सहा हिवाळे हुलकावणी दिली होती. हैदराबादची दिशा पूर्वेची, आणि तिच्या पत्र्याच्या अगदी पूर्वेला नागम्माचं तीनमजली घर आडवं उभं होतं.

नागम्मा तेलुगू विणकर घरातली. खाली नवऱ्याचे माग, वर मोकळी गच्ची. तिची म्हातारी आई तेलंगणातून कायमची तिच्याकडे आली, तेव्हा आईला हैदराबादचं केंद्र दाखवू म्हणून नागम्मा चांदबीकडे अँटेना लावायला शिकायला आली. चांदबीने अँटेनाच्या धातूच्या कांड्या कशा कापायच्या, तोंड कुठे करायचं, सगळं हौसेने शिकवलं. इतक्या वर्षांत कुणी असं विचारायला आलंच नव्हतं.

डिसेंबरात एका सकाळी नागम्माचा फोन आला. चांदबी तीन जिने चढून गेली. पडद्यावर एक बाई तेलुगूत बातम्या सांगत होती. एकही चौकोन नव्हता. म्हातारी पदराने डोळे पुसत होती.

“केबलवर तेलुगू ढीगभर लागतंय, आपा,” नागम्मा म्हणाली. “पण हे हवेतून आपणहून आलंय म्हटल्यावर आई रडायलाच लागली. तुमच्यामुळंच झालं की हे.”

चांदबीने तोंडभर कौतुक केलं. घरी येऊन मशीनवर बसली, पण सुई सरळ चालेना. सहा हिवाळे मी गारठले आणि हिला दोन महिन्यांत मिळालं. आणि मिळालं ते मला आडव्या येणाऱ्या भिंतीच्या डोक्यावर उभं राहून. ‘तुमच्यामुळंच’ हा शब्द तर तिला दिवसभर टोचत राहिला.

जानेवारीत माकडांनी नागम्माची अँटेना वाकवली. मधली मुख्य कांडी तर पळवली; ती नवी कापायची होती. माप किती, असं तिने फोनवर विचारलं. माप सत्तावीस सेंटिमीटर होतं. चांदबी म्हणाली, बत्तीस. नागम्माने लिहून घेतलं आणि आभार मानले.

त्यानंतर गच्चीवर चित्र आलं नाही. चांदबी रोज पहाटे पत्र्यावर जायची, पण नजर आपल्या अँटेनाकडे कमी आणि वरच्या गच्चीकडे जास्त. नागम्मा अँटेना इकडे फिरवायची, तिकडे फिरवायची, खाली वाकून बघायची. ते बघून चांदबीला पहिले काही दिवस बरं वाटलं. त्या पंधरवड्यात एकदा पुणं पाऊण तास टिकलं, तरी तिला त्याचा आनंद झाला नाही.

फेब्रुवारीत नागम्मा कांड्यांची मोळी घेऊन तिच्या दारात आली. अँटेना उतरवली, म्हणाली. आपल्या हाताला ही कला नाही. आई रोज विचारते, तिला काय सांगायचं? “या तुमच्या कामाला येतील, आपा.”

चांदबीने मोळी हातात घेतली. बत्तीसची लांब कांडी वरच होती.

“अक्का, तुमचं काय चुकलं न्हाय,” ती म्हणाली. “माप मी चुकीचं दिलं. जाणूनबुजून.”

“का?”

“तुमाला आलं आन् मला आलं न्हाय, म्हणून.”

नागम्माने मोळीतली ती कांडी उपसून बघितली. मग म्हणाली, “मी आईला सांगत होते, माझंच डोकं चालत न्हाय.” आणि चहा ठेवलेला असताना निघून गेली.

दुसऱ्या दिवशी चांदबी सत्तावीसची कांडी कापून गच्चीवर गेली. नागम्माने दार उघडलं, पण खाली निघून गेली. चांदबीने एकटीने अँटेना उभी केली, तोंड पूर्वेला केलं, वायर जोडली. पडद्यावर काही आलं नाही; त्या दिवशी तशी हवाच नव्हती. म्हातारी खुर्चीतून बघत होती. तिने तेलुगूत काही विचारलं, ते चांदबीला कळलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी फोन वाजला. नागम्मा एवढंच म्हणाली, “आलंय. यायचं तर या.”

चांदबी गेली. पडद्यावर कुणीतरी शेतीवर बोलत होतं. नागम्माने खुर्ची सरकवली. चांदबी बसली. तीच असूया पुन्हा जागी झाली. ती गेली असेल असं तिला उगीच वाटलं होतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, “सिग्नल किती टक्के दाखवतोय?”

“अडुसष्ट,” नागम्मा म्हणाली.

“लई हाय,” चांदबी म्हणाली, आणि ते खरं होतं.