धुराविना खवा

येडशीला रेल्वेतून उतरलो तेव्हा डोक्यात पर्यावरण वगैरे काही नव्हतं, खवा होता. भूमकडचा खवा पोटभर खायचा आणि तुमच्यासाठी दोन पानं खरडायची, एवढाच बेत. पुढं एसटीनं हाडं खिळखिळी केली आणि बॅगेतला चिवडा माझ्या शर्टांवर सांडला.

भूमच्या अलीकडच्या गावात तात्यांच्या खव्याचं मोठं नाव. गेलो तर भट्टी बंद, अख्खं गाव ग्रामसभेला. राज्य सरकारनं लाकडी भट्ट्यांबद्दलच्या धोरणाचा मसुदा काढून गावांकडून ठराव मागवले होते. सरपंच सुनंदाबाई म्हणजे तात्यांची सूनच. तिला लाकूड बंद करून सौर यंत्रावर खवा करायचा होता. तात्या म्हणत, जन्मभर कमावलेली चव जाईल. आणि गाव तात्यांचंच ऐकणार, हे तिलाही ठाऊक होतं.

शेवटी ठरलं, तात्यांनी डोळे बांधून दोन्ही खवे चाखायचे. ओळखता आले नाहीत तर ठराव मंजूर. भरवायला त्रयस्थ माणूस हवा म्हणून मला पुढं ढकललं. अशी संधी कोण सोडतो? भरवता भरवता मीही दोन्ही चाखले. खरं सांगतो, मला काडीचा फरक कळला नाही.

तात्यांना पहिल्याच घासाला कळला. "ह्यो लाकडावरचा." मग दुसरा चाखून म्हणाले, "ह्यो बी चांगलाय, पण ह्यात धूर न्हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनंदाबाईचा चेहरा एवढासा झाला. मला तिचं फार वाईट वाटलं.

तात्यांनी डोळ्यांवरचं उपरणं सोडलं, पण ते खाली बसले नाहीत. "माझ्या बापानं वढ्याच्या (ओढ्याच्या) बाभळी जाळल्या, म्या बांधावरचे लिंब जाळले. आता लाकूड पार शेजारच्या वाशी तालुक्याच्या पल्याडनं येतंय. ते संपल्यावर काय जाळायचं?" असं म्हणून त्यांनी ठरावाच्या बाजूनं हात वर केला. मागोमाग गावाचे हात वर गेले.

"पण सूनबाई, सरकारला खोटं कळवायचं न्हाय. चव जरा कमी व्हती, हे बी लिवा."

ग्रामसेवक घुटमळला. असलं काही ठरावात लिहीत नाहीत, मंत्रालयात हसतील, असं त्याचं म्हणणं.

"मामा (इथं सासऱ्यांना मामाच म्हणतात) म्हणतात तसंच लिहा," सुनंदाबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

निघताना तात्यांनी दोन्ही खव्यांचे पुडे हातात ठेवले. घरी आल्यावर बायकोकडून डोळे बांधून घेतले, दोन्ही खाल्ले आणि साफ चुकलो. तिला हसू आवरेना. त्या सभेत मला मत असतं तर कधीच हात वर करून मोकळा झालो असतो. माझं काय जाणार होतं? ज्याला चव कळत होती, त्यानं ती सोडली.